आगंतुक फाइल्स, हिरव्या टेस्ट आणि दोन दिवस उशिरा पोचलेला टँकर

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे कसंय ना' बरेचसे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. डोळखांबच्या पुढे ज्यांची रेंज जाते त्यांनी पान आधीच उघडून ठेवा.)

[००:००] आधी डाउनलोड फोल्डर उघडा

आज ऐकायला सुरुवात करायच्या आधी एक काम करा. फोनमधला डाउनलोड फोल्डर उघडा आणि खाली खाली सरकवत जा. हॉल तिकीट. हॉल तिकीट, कंसात एक. हॉल तिकीट, कंसात दोन. कुठल्या तरी लग्नाची पत्रिका. आधार कार्ड फायनल, आधार कार्ड फायनल नवीन. यातली खरी कुठली हे तुम्हाला माहीत असतं, कारण तुम्ही माणूस आहात. तुम्ही उघडून बघता, वेळ बघता, 'हां, ही ती' म्हणता.

आता समजा, 'या फोल्डरमध्ये जे काही असेल ते सगळं वाच' असं कुणी एका प्रोग्रॅमला सांगितलं, तर?

आजचा एपिसोड त्याच्यावर आहे. विषय ऐकायला फार कोरडा आहे: सॉफ्टवेअरच्या टेस्टने डेटा वाचताना आगंतुक फाइल्सकडे दुर्लक्ष कसं करावं. पण या विषयात मी स्वतः तोंडावर पडलोय, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजलीय. म्हणून सांगतोय.

[०१:४०] आमचा प्रोग्रॅम काय करायचा

मी शहापूरचा. भातसा आणि तानसा ही धरणं आमच्या तालुक्यात. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. आणि त्याच तालुक्यात, तसंच शेजारच्या मुरबाडमध्येही, उन्हाळा आला की कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी सांगायची गरज नाही. तुम्ही हंडे घेऊन उभे राहिला असाल.

आम्ही चार-पाच मित्र वर्गणी काढून उन्हाळ्यात एक खासगी टँकर फिरवतो. टँकर एक आणि पाडे २३, म्हणजे आज कुठे जायचं हे रोज ठरवावं लागतं. म्हणून प्रत्येक पाड्यावरचं कुणीतरी विहिरीत दोरी सोडून पाणी किती फूट आहे ते मोजतं, फोनवरच एका छोट्या तक्त्यात भरतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवतं. ती सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी कप्पे पाडलेला साधा मजकूर. आम्ही या फाइल्स लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये उतरवून घेतो. प्रोग्रॅम फोल्डर वाचतो आणि यादी काढतो: सगळ्यात कमी पाणी असलेला पाडा सगळ्यात वर.

प्रोग्रॅम मी लिहिला, पायथनमध्ये. टेस्ट लिहिल्या मुरबाडच्या माझ्या मित्राने. किन्हवली-सरळगाव रस्त्याने तो शनिवारी इकडे यायचा, नाहीतर मी तिकडे जायचो.

[०३:२०] टेस्ट म्हणजे शीत

ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका मिनिटात. शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तसंच. अख्खं पातेलं खाऊन बघत नाहीत, एक शीत चेपून बघतात. आमच्या टेस्टमध्ये एक नमुन्याचा फोल्डर होता. त्यात तीन पाड्यांच्या तीन फाइल्स. उत्तर काय यायला हवं ते आम्हाला आधीच माहीत. प्रोग्रॅम चालवायचा, आलेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर ताडून बघायचं. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. आणि हे सगळं मशीन स्वतः करतं, प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली तरी पुन्हा.

माझ्याकडे सगळं हिरवं. मित्राला त्याच्या मामेभावाचं जुनं मॅकबुक मिळालं, त्यावर त्याने त्याच टेस्ट चालवल्या आणि सगळं लाल. प्रोग्रॅम म्हणतोय की फाइल्स चार आहेत, आणि चौथी वाचताच येत नाहीये.

मी फोनवर म्हटलं, "अरे, नीट बघ, तूच काहीतरी टाकलं असशील."

तो म्हणाला, "मी काय टाकू? फोल्डरमध्ये तीनच दिसतायत."

दोघेही बरोबर होतो. फोल्डरमध्ये दिसत तीनच होत्या आणि होत्या चार.

[०५:००] या फाइल्स येतात कुठून

चौथीचं नाव 'डॉट डीएस स्टोअर'. मॅकवर फाइंडरमध्ये फोल्डर उघडलात की त्या फोल्डरमधले आयकॉन कुठे ठेवायचे, कसे दाखवायचे हे लक्षात ठेवायला मॅक ती फाइल बनवतं. पुसलीत तरी परत येते. आम्ही तीनदा पुसली.

नावाच्या आधी टिंब असलं की ती लपलेली फाइल. हे का, माहितीये? युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी असायच्या: एक टिंब म्हणजे 'हाच फोल्डर' आणि दोन टिंबं म्हणजे 'वरचा फोल्डर'. यादी दाखवताना या दोन नकोत म्हणून कुणीतरी सोपा मार्ग काढला: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवू नको. त्यामुळे टिंबाने सुरू होणारं सगळंच लपायला लागलं. युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही गोष्ट लिहिली होती. म्हणजे बघा, आपण ज्याला लपवाछपवीची सोय समजतो ती एका आळसातून आलेली आहे.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही असे पाहुणे आहेत. 'डॉट नोमीडिया' नावाची फाइल फोल्डरमध्ये असली की गॅलरी त्या फोल्डरमधले फोटो दाखवत नाही. त्या फाइलचं कामच मुळी 'इकडे दुर्लक्ष करा' एवढं सांगणं. गॅलरीतून फोटो पुसलात की नव्या अँड्रॉइडमध्ये बऱ्याचदा तो लगेच जात नाही. त्याच्या नावाआधी 'डॉट ट्रॅश्ड' लागतं आणि काही दिवस तो तिथेच पडून राहतो.

विंडोजवर 'थम्ब्स डॉट डीबी' आणि 'डेस्कटॉप डॉट आयएनआय'. एक्सेलची फाइल कुणी उघडून ठेवली असेल तर तिच्या शेजारी नागमोडी चिन्ह आणि डॉलरने सुरू होणारी एक छोटी फाइल. मॅकवर बनवलेली झिप दुसरीकडे उघडली की 'मॅकओएसएक्स' नावाचा जादा फोल्डर, आणि त्यात प्रत्येक फाइलची सावली: टिंब, अंडरस्कोर आणि पुढे मूळ नाव. पेन ड्राइव्ह मॅकला लावला तरी त्यावर अशा सावल्या येतात.

या सावल्या मी मुद्दाम सांगतोय. 'ज्याच्या शेवटी सीएसव्ही आहे तेवढंच वाच' एवढा नियम केला तर डीएस स्टोअर गळते, पण सावली गळत नाही. तिच्या नावाच्याही शेवटी सीएसव्हीच असतं. आत मात्र सीएसव्ही नसतं, भलतंच असतं.

पायथनवाल्यांसाठी आणखी एक खड्डा. पायथनचं जुनं 'ग्लोब' मॉड्यूल चांदणी दिली की टिंबवाल्या फाइल्स आपोआप वगळतं. 'पाथलिब'मधलं ग्लोब वगळत नाही. नाव तेच, सवय वेगळी. मी पाथलिब वापरलं होतं. आणि 'ओएस लिस्टडिर' तर सगळंच हातात देतं, तेही कुठल्याही क्रमाने. माझ्या मशीनवर एक क्रम, तुमच्या मशीनवर दुसरा. म्हणून यादी मिळाली की आधी ती क्रमाने लावून घ्या, हे आत्ताच लिहून ठेवा.

[०८:१०] आम्ही केलेला हुशारपणा

आम्हाला वाटलं, सोपं आहे. नकोशा फाइल्सची यादी करू. टिंबाने सुरू होणारी नको. नागमोडीने सुरू होणारी नको. थम्ब्स नको. डेस्कटॉप आयएनआय नको. आणि मीच उत्साहाने शेवटचा नियम टाकला: नावात कंस असेल तर ती कॉपी, तीही नको.

टेस्ट चालवल्या. मॅकवर हिरवं, माझ्याकडे हिरवं. आम्ही सरळगावला वडापाव खाल्ला आणि विषय संपला.

मे महिन्यात एका पाड्यावरच्या ताईंचा फोन आला. आवाज चढवला नव्हता, पण म्हणाल्या, "दादा, आमच्या विहिरीत चार फूट पाणी हाय असं कुणी लिहिलं? विहीर कोरडी हाय. मी शून्य लिहून पाठवलंय."

मी फोल्डर उघडला. त्यांच्या पाड्याच्या दोन फाइल्स. एक साध्या नावाची, आत चार फूट. दुसरी कंसात एक, आत शून्य.

काय झालं होतं, कळलं का? पहिली फाइल त्यांनी एप्रिलमध्ये पाठवली. दुसरी मेमध्ये, त्याच नावाने. ब्राउझरने उतरवताना बघितलं की या नावाची फाइल आधीच आहे, म्हणून नव्या फाइलला कंसात एक लावला. म्हणजे कंसवाली फाइल नवी होती. आणि मी प्रोग्रॅमला शिकवलं होतं की कंस दिसला की तोंड फिरव.

प्रोग्रॅमने सांगितल्याप्रमाणे तोंड फिरवलं, आणि मला काही बोललाही नाही. यादीत तो पाडा खाली राहिला. टँकर दोन दिवस दुसरीकडे गेला. त्या दोन दिवसांत ताई आणि बाकीच्या बाया लांबच्या झऱ्यावर जात होत्या. लांब म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

आणि टेस्ट? हिरव्या! कारण टेस्टच्या नमुना फोल्डरमध्ये एकही कंसवाली फाइल नव्हती. आम्ही शीत चेपून बघत होतो खरं, पण ते दुसऱ्याच पातेल्यातलं.

[११:००] तीन ढीग करा

यातून जे शिकलो ते आता नीट सांगतो.

'नको' ची यादी कधीच पुरी होत नाही. उद्या एखादं नवं ॲप नवी आगंतुक फाइल बनवेल, तिचं नाव मला आज कसं माहीत असणार? म्हणून यादी 'हवं' ची करा. लग्नात दारावर 'कोणाला आत सोडायचं नाही' याची यादी कुणी करत नाही, आमंत्रणांची करतात. टेस्ट चालवणारी साधनंही हेच करतात. पायथनमधलं 'पायटेस्ट' फोल्डरमधली प्रत्येक फाइल टेस्ट समजून चालवत नाही. नावाच्या सुरुवातीला 'टेस्ट अंडरस्कोर' किंवा शेवटी 'अंडरस्कोर टेस्ट' असलेल्या पायथन फाइल्सच ते गोळा करतं.

आमच्या फाइलचं नाव आता ठरलेलं आहे: पाड्याचा नंबर, अंडरस्कोर, तारीख, डॉट सीएसव्ही. नाव या साच्यात पूर्ण बसलं तरच फाइल आत येते. पूर्ण म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मधला तुकडा जुळला एवढं पुरत नाही, नाहीतर सावली परत आत शिरते.

पण 'हवं' ची यादीही आंधळी असू शकते. समजा कुणी घाईत तारीख उलटी लिहिली. साच्यात बसली नाही, म्हणून प्रोग्रॅमने सोडून दिली. झालं ना परत तेच? खरा पाडा गायब, आणि कुणाला पत्ता नाही. म्हणून दोन ढीग पुरत नाहीत, तीन लागतात.

पहिला ढीग आपल्या फाइल्सचा. साच्यात बसतात, त्या वाचायच्या.

दुसरा ढीग ओळखीच्या कचऱ्याचा. डीएस स्टोअर, थम्ब्स, सावल्या. यांच्यात आपला डेटा कधीच नसतो याची खात्री आहे, त्या सोडायच्या. तरी किती सोडल्या हा आकडा शेवटी छापायचा.

तिसरा ढीग ना आपल्या, ना ओळखीच्या. कंसवाल्या, चुकलेल्या नावाच्या, 'फायनल नवीन' वाल्या. इथे प्रोग्रॅमने स्वतः डोकं चालवायचं नाही. थांबायचं आणि नाव घेऊन विचारायचं: ही फाइल काय आहे?

कंसवाली फाइल आम्ही कचऱ्यात टाकली होती, तिची जागा तिसऱ्या ढिगात होती. आमची सगळी चूक एवढीच.

आणि एकाच पाड्याच्या दोन फाइल्स आल्या तर फाइलच्या आत लिहिलेली मोजणीची तारीख बघायची. फाइल कधी बदलली ती वेळ बघायची नाही. कॉपी करताना, पाठवताना, उतरवताना ती वेळ बदलू शकते.

[१४:१०] टेस्टचा फोल्डर मुद्दाम घाण करा

आता टेस्टकडे. डीएस स्टोअरमुळे टेस्ट लाल झाली तेव्हा ती आम्हाला एक खरी गोष्ट सांगत होती: तुमचा प्रोग्रॅम समोर येईल त्यावर विश्वास ठेवतो. आम्ही ऐकलं काय, तर 'मॅकची कटकट आहे'. फाइल पुसून टेस्ट हिरवी करणं म्हणजे ताप मोजून थर्मामीटर झटकणं.

योग्य काय? टेस्टसाठी दर वेळी नवा, रिकामा फोल्डर घ्या. पायटेस्टमध्ये यासाठी 'टीएमपी अंडरस्कोर पाथ' नावाची सोय आहे. प्रत्येक टेस्टला ती स्वतंत्र तात्पुरता फोल्डर देते. मग तुमच्या मशीनवर काय पडलंय याचा टेस्टशी संबंध उरत नाही. त्या फोल्डरमध्ये चांगल्या फाइल्स स्वतः टाका, आणि मग घाणही स्वतःच टाका. एक खोटी डीएस स्टोअर, एक थम्ब्स, एक सावली, एक जादा फोल्डर. आता टेस्टने म्हणायला हवं: चांगल्या तीन वाचल्या, घाण चार सोडली.

दुसरी टेस्ट वेगळी लिहा. तिच्यात फक्त एक कंसवाली फाइल जास्त टाका. इथे प्रोग्रॅम थांबला तर टेस्ट पास, मुकाट पुढे गेला तर नापास. ही दुसरी टेस्ट आमच्याकडे असती तर ताईंना फोन करावा लागला नसता.

सरावासाठी एक सुंदर उदाहरण देतो, घरी करून बघा. मुंबईला पाणी देणारे सात जलाशय. महापालिका त्यांच्या साठ्याचे आकडे देते. पूर्ण भरल्यावरचा उपयुक्त साठा, दशलक्ष लिटरमध्ये, असा: भातसा ७,१७,०३७. अप्पर वैतरणा २,२७,०४७. मध्य वैतरणा १,९३,५३०. तानसा १,४५,०८०. मोडक सागर १,२८,९२५. विहार २७,६९८. तुळशी ८,०४६. एकूण १४,४७,३६३.

प्रत्येक जलाशयाची एक फाइल करा आणि बेरजेचा छोटा प्रोग्रॅम लिहा. आता भातसाच्या फाइलची एक कॉपी त्याच फोल्डरमध्ये टाका. साधा प्रोग्रॅम २१,६४,४०० सांगेल. कुठे एरर नाही, काही नाही. कागदावर दुसरं भातसा धरण बांधून झालं! आता उलटं करा. कॉपी काढा आणि मूळ फाइलच्या नावात एक अक्षर चुकवा. नाव बघून मुकाट सोडणारा प्रोग्रॅम ७,३०,३२६ सांगेल. म्हणजे जवळजवळ अर्धं पाणी गायब, तेही शांतपणे.

डीएस स्टोअरसारखी फाइल निदान आरडाओरडा करते, वाचताच येत नाही म्हणून प्रोग्रॅम पडतो. भीती बाळगायची ती खऱ्यासारख्या दिसणाऱ्या फाइलची. भाताची बेणणी केलेल्यांना हे लगेच कळेल. वेगळं दिसणारं तण कुणीही उपटतं. भातासारखंच दिसणारं तण ओळखायला वाकून बघावं लागतं.

म्हणून टेस्टमध्ये दोन आकडे ठेवाच: किती फाइल्स अपेक्षित आहेत, आणि बेरीज किती अपेक्षित आहे. सात आणि १४,४७,३६३. दोन्ही जुळले तर पुढे.

[१७:३०] गिट इग्नोरचा गैरसमज

एक प्रश्न नेहमी येतो: "दादा, आम्ही डॉट गिटइग्नोरमध्ये ही नावं टाकलीयत, मग पुरे ना?"

टाका, चांगलंच आहे. पण ते फक्त गिटला सांगतं की ही फाइल इतिहासात घेऊ नको. तुमचा प्रोग्रॅम ती यादी वाचत नाही, त्याला फाइल दिसतेच. उलट थोडं वाईटच होतं. गिट ती फाइल बदलांच्या यादीत दाखवत नाही, म्हणून तुम्हाला ती आहे हेच कळत नाही. सर्व्हरवर टेस्ट हिरवी, तुमच्याकडे लाल, आणि कारण शोधण्यात रविवार जातो.

[१८:३०] शेवट

ताईंना मी नंतर पाड्यावर जाऊन भेटलो. प्रोग्रॅमचं काय सांगणार? एवढंच म्हटलं, "ताई, चूक माझी होती. तुमचा कागद आला होता, मी बाजूला ठेवला." त्या म्हणाल्या, "मग आता ठेवू नका."

आता आमचा प्रोग्रॅम रोज सकाळी यादीच्या वर एक ओळ छापतो. वाचल्या किती, सोडल्या किती, विचारायच्या किती. २३ पाड्यांपैकी कुणाची फाइल आलीच नाही तर त्याचं नाव लाल. विचारायच्या ढिगात काही असेल तर यादी निघतच नाही, आधी त्या पाड्यावर फोन. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन फोन करावे लागले आणि मित्र वैतागला. म्हणाला, "आधीच बरं होतं, पटकन यादी निघायची." मी म्हटलं, पटकनच निघायची, खरंय.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, ग्रामपंचायतीच्या सर्व्हेसाठी, दूध डेअरीच्या हिशोबासाठी तुमच्यापैकी कुणीतरी असा फोल्डर वाचणारा प्रोग्रॅम लिहीत असेल. आज रात्री त्यात एक डीएस स्टोअर आणि एक कंसात एक टाकून बघा. काय होतं ते मला सांगा. पडला तर हसू नका, मुकाट चालला तर जास्त काळजी करा.

आणि हो, तो डाउनलोड फोल्डर! हॉल तिकीट परीक्षेच्या आदल्या रात्री शोधू नका. आत्ताच योग्य ते निवडून, नाव बदलून ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.